सुकाणू धाकटीकडे

थोरली शिडं शिवायची आणि धाकटी सुकाणू धरायची. दोघी एकाच शर्यतीच्या बोटीवर होत्या, आणि तेच थोरलीला सलत होतं.

धाकटीला बोट हाकायला शिकवलं होतं थोरलीनेच. वडील गोदीत सुतारकाम करायचे. त्यांच्या जुन्या होडीत थोरली बहिणीला लाइफ जॅकेटच्या पट्ट्याने धरून बसवायची. पुढे महासागराच्या शर्यतीसाठी माणसं निवडली, तेव्हा कप्तानाने दोघींना घेतलं. धाकटीला सुकाणूवर ठेवलं आणि थोरलीच्या हाती सुई-दोरा दिला. घरी सगळे हरखून गेले. थोरलीही हसली, पण जेवण अर्धं टाकून उठली.

दक्षिणेच्या थंडगार समुद्रात बोटीच्या भिंतींना आतून घाम फुटायचा. मोजे कधी वाळत नसत. झोपायला दोघींत मिळून एकच फळी होती. धाकटी पाळीवर गेली की थोरली तिच्याच कोमट स्लीपिंग बॅगेत शिरायची. अंथरूणसुद्धा आपल्या वाट्याला उष्टंच, असं तिच्या मनात यायचं. वर कप्तान म्हणायचा, हिच्या हाताला समुद्र कळतो. खाली फाटलेल्या शिडाला टाके घालताना ते ऐकून थोरली दोरा जरा जास्तच ओढायची. लोक एकमेकांना पाण्यात पाहतात म्हणतात. हिने तर भर समुद्रात सख्ख्या बहिणीला पाण्यात पाहिलं.

मग एका सकाळी मागून आलेली लाट थेट डेकवर कोसळली. धाकटी सुकाणूच्या चाकावर आपटली आणि तिचं मनगट मोडलं. थोरलीनेच तिला खाली आणलं, हाताला आधाराच्या लाकडी पट्ट्या बांधल्या, तोंडात दुखणं थांबवायची गोळी घातली. सगळं मायेने केलं. पण कप्तानाने तिला सुकाणूवर बोलावलं तेव्हा शिडी चढताना तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिची तिलाच किळस आली.

बोट तिने नीट सांभाळली, पण पळवली नाही. शर्यतीत मागे असलेली एक निळी बोट दुपारपर्यंत पुढे निघून गेली. कप्तानाने फक्त वहीत वेळ टिपली. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

पाळी संपल्यावर ती धाकटीजवळ गेली. विचारणं जिवावर आलं होतं, तरी विचारलं, "लाटेवरून उतरताना तू नेमकं काय करतेस?"

"काही नाही," असं म्हणून धाकटीने तोंड भिंतीकडे वळवलं.

थोरली ओले बूट काढत तिथेच बसून राहिली. मग धाकटी म्हणाली, "ताई, तू वर गेलीस ना, तेव्हा तुला जमू नये असं वाटत होतं मला."

"मला तर पहिल्या दिवसापासून तसं वाटतंय," थोरली म्हणाली. "तुझ्याबद्दल."

दोघींपैकी कुणी रडलं नाही. धाकटी कूस बदलून सांगू लागली, की ती लाटेकडे बघतच नाही. बोट मागून उचलली जाते ते आधी तळपायाला कळतं, चाक तेव्हाच वळवायचं. डोळ्यांनी बघून वळवलं तर उशीर झालेला असतो.

पुढच्या पाळीला थोरलीने नजर दूर ठेवली आणि सगळं लक्ष पायांत आणलं. पहिल्या काही लाटा हुकल्या. मग एक साधली आणि बोट अशी सुटली की खालून भांडी गडगडल्याचा आवाज आला. निळी बोट काही हाती लागली नाही. बंदरात पोचल्यावर फोटोवाल्यांनी गाठलं ते हात गळ्यात बांधलेल्या धाकटीला. थोरली शिडाची पिशवी खांद्यावर घेऊन बाजूला थांबली, आणि तिचं पोट दुखायचं ते दुखलंच.

पुढच्या हंगामात तिने दुसऱ्या एका जुन्या, जड बोटीवर सुकाणूचं काम मागून घेतलं. धाकटीला ते रुचलं नाही. महिनाभर तिने अबोला धरला. पहिल्याच शर्यतीत धाकटीची बोट तिच्या शेजारून सपकन निघून गेली. थोरलीने एक शिवी हासडली, पाय रोवले आणि पुढच्या लाटेची वाट बघत उभी राहिली.