चौथा पट्टा

"इंजिनिअर, ही भिंत आजारी हाय का?"

शिवराजअप्पा हॉलच्या मधोमध उभे होते. मान आधी उजवीकडे कलली, मग डावीकडे. मी इंजिनिअर नाही, इंटिरिअर डिझायनर आहे. नांदेडला ऑफिस आहे, पंचवीस वर्षं लोकांची घरं सजवतोय. पण अप्पांची लातूरच्या मोंढ्यात आडत, आणि त्यांच्या लेखी घरात टेप घेऊन फिरणारा प्रत्येक माणूस इंजिनिअर.

मी म्हणालो, "लाइटमुळे तसं दिसतंय, अप्पा."

"मग लाइट बंद करा की."

लाइट बंद केला. भिंत तशीच दिसली. तीन भाग एका रंगाचे आणि खिडकीकडचा चौथा भाग त्यांच्यापेक्षा गडद. संध्याकाळी पाहावं तर तोच भाग फिकट. हे काय गौडबंगाल आहे, मला समजेना. वास्तुशांतीला आठ दिवस राहिले होते. याच भिंतीसमोर अप्पांच्या गुरुमहाराजांची पाद्यपूजा व्हायची होती आणि सगळं गणगोत तिच्याकडेच तोंड करून बसणार होतं.

ही भिंत म्हणजे अप्पांच्या सूनबाईंची, स्नेहाताईंची, हौस. सध्या आमच्या भागातसुद्धा घर बांधलं की हॉलची एक भिंत वेगळी करायची पद्धत आली आहे. कुणी तिथं उभ्या खाचांचं फ्लुटेड पॅनेल लावतं, कुणी दगडाचा भास देणारे पत्रे. स्नेहाताईंनी फोनवरचे फोटो दाखवून दाखवून फ्लॉक वॉलपेपर ठरवला होता. फ्लॉक म्हणजे ज्याच्यावर मखमलीसारखी बारीक लव असते तो. साधा, नक्षी नसलेला, गडद मोरपंखी. भिंतीसमोर वेताच्या जाळीची पाठ असलेला लांब सागवानी बाक. वेताचं फर्निचर पुन्हा फॅशनमध्ये आलंय. आमच्या लहानपणी ते फक्त कचेऱ्यांत असायचं. अप्पांच्या बहिणी आधीच म्हणाल्या होत्या, "भिंतीला काय लुगडं नेसवायलीस का गं?" त्यामुळे भिंत फसली असती तर स्नेहाताईंना ते जन्मभर ऐकावं लागलं असतं.

भिंत चौदा फुटांची. त्यावर चार पट्टे बसले. एका रोलमधून तीन पट्टे निघाले, चौथा दुसऱ्या रोलमधून काढला. वॉलपेपरचं लोकरीसारखं असतं. स्वेटरला लोकर एकाच लॉटची घ्यावी लागते, नाहीतर बाही वेगळी दिसते. म्हणून मी दोन्ही रोलचे नंबर पाहून घेतले होते. नंबर सारखेच होते. तरीही मी निष्कर्ष काढला की कंपनीने चुकीचं लेबल लावलं. कंपनीला फोन केला. ते म्हणाले, रोल तपासायला पाठवा, नवा यायला तीन आठवडे लागतील.

मग मला दुसरा गुन्हेगार सापडला. इरफान.

इरफान बिलोलीचा. चाळिशीतला, अबोल माणूस. नऊ वर्षं माझ्याकडे वॉलपेपर लावतोय. त्याने लावलेल्या दोन पट्ट्यांमधला जोड शोधायचा तर नुसत्या डोळ्याने नाही, भिंगाने शोधावा लागतो. मी त्याला विचारलं, "रोल मिसळले का तू? गोंद जास्त झाला का? लव दबली का?"

तो एवढंच म्हणाला, "साब, बाण देखकेच लगाया मैं."

बाण म्हणजे काय ते सांगतो. पट्टे कापले की प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने नंबर आणि वरची बाजू दाखवणारा बाण काढतात. नक्षी असेल तर वर-खाली डोळ्यांना समजतं. साध्या पेपरला बाणाशिवाय दुसरा आधार नसतो.

मी तापलेलो होतो. सुतार, इलेक्ट्रिशियन, अप्पा, स्नेहाताई, सगळ्यांच्या देखत मी त्याला म्हणालो, "नऊ वर्षांत हे शिकलास? उद्यापासून येऊ नकोस." इरफानने ब्रश धुतला, पुसला, पिशवीत घातला आणि गेला. मी तेवढ्यावर थांबलो नाही. उदगीरच्या एका डिझायनर मित्राकडे इरफानचं पुढचं काम ठरलं होतं. त्यालाही फोन करून सांगितलं, जरा जपून. आता हे लिहितानाही माझी मलाच लाज वाटते.

भिंत आणखी बिघडू नये म्हणून मी तिच्यासमोर दोरी बांधली आणि कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरांत पाटी छापून लटकवली : हात लावू नये. फ्लॉकवर घामाचा हात लागला की डाग पडतो, असं आम्ही सगळ्यांना पढवतो. इरफाननेही तो पेपर हातमोजे घालून, मऊ ब्रशनेच बसवला होता.

दुसऱ्या दिवशी बाकाची जाळी विणायला दिगंबरमामा आले.

त्यांना मुरुडहून अप्पांनीच बोलावलं होतं. मी तयार जाळीचं शीट मागवणार होतो. अप्पा म्हणाले, "माझ्या बापाच्या गादीवरली खुर्ची ज्यानं विणली, तोच हे विणंल." मामा सत्तरीच्या पुढचे. पांढरा सदरा, टोपी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली वेताची सालं. जन्मापासून दृष्टी नाही. अंधशाळेत विणकाम शिकले आणि कोर्ट, तहसील, शाळा अशा ठिकाणच्या खुर्च्या विणत आयुष्य गेलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि काम सुटलं.

खरं सांगतो, मला धाकधूक होती. एका भिंतीने जीव काढला होता, त्यात हे. सुताराने बाकाची चौकट दोन स्टुलांवर ठेवली. मामांनी कडेच्या भोकांवरून एकदाच बोट फिरवलं. वेत ओवायची ही बारीक भोकं.

"मिस्त्री, डावीकडं एक भोक कमी पाडलंय बगा."

सुतार हसला. मग मोजायला बसला. उजवीकडे बेचाळीस निघाली, डावीकडे एक्केचाळीस. त्याने पुन्हा मोजली. पुन्हा एक्केचाळीस. तो ड्रिल घेऊन आला.

मग मामा विणायला बसले. भिजलेलं साल ओढायचं, भोकात लाकडी खुंटी मारायची, पुढचं साल घ्यायचं. आधी उभे धागे, मग आडवे, मग तिरपे. मधूनमधून साल ओठांवरून फिरवायचे, किती ओलं आहे ते बघायला. कुठेही घाई नाही. मी बघत उभा राहिलो. दोन फोन आले, उचलले नाहीत. आम्ही टेप, लेव्हल, लेझर घेऊन फिरतो आणि तरी एखादी रेघ वाकडी जाते. इथं त्यांच्या बोटांखाली अष्टकोनामागून अष्टकोन उमलत होते, आणि एकही दुसऱ्यापेक्षा वेगळा नव्हता. सुतार माझ्या कानात म्हणाला, "साहेब, हे बघून आपल्या डोळ्याची लाज वाटायली." मला वेगळं काही वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जाळी पूर्ण झाली. मामांनी विचारलं, "बाकाची पाठ भिंतीपून किती लांब राहील? ओल्या जाळीला वारं लागाया पाहिजे." आणि उत्तराची वाट न बघता उठले, दोरीखालून वाकले आणि तळहात सरळ भिंतीवर ठेवला.

"मामा, हात नका लावू!" मी ओरडलो.

तोवर हात फिरायला लागला होता. "अगाई गं," ते म्हणाले, "मखमल हाय व्हय! भिंतीला मखमल!" त्यांचा चेहरा पोरासारखा खुलला. डावीकडून उजवीकडे ते भिंतीच्या कडेने चालत गेले, हात वरून खाली, वरून खाली. पहिला पट्टा, दुसरा, तिसरा. मग थांबले. मागे आले, पुन्हा पुढे गेले.

"ह्यो उलटा लावलाय कुणीतरी."

मी विचारलं, "काय उलटं?"

"गाईच्या पाठीवरून हात फिरवलाय का कधी, साहेब? शेपटीकडं फिरवला तर गुळगुळीत, मानेकडं फिरवला तर रखरखीत. हितं तीन गाई एका दिशेनं उभ्या हायत. चौथी उलटी बांधलीय."

या भिंतीविषयी त्यांना कुणी एक शब्द सांगितला नव्हता. मला तरी पटेना. मी त्यांना भिंतीपासून दूर नेलं, दोनदा जागेवर फिरवलं आणि पुन्हा भिंतीशी आणून सोडलं. त्यांनी दोन वेळा हात फिरवला आणि बरोबर चौथ्या पट्ट्याच्या जोडावर बोट ठेवलं. स्नेहाताईंनी तोंडावर हात धरला. अप्पा पुढे झाले, डोळे मिटून स्वतःचा हात फिरवला आणि म्हणाले, "हाव की!"

मग मीही डोळे मिटले आणि हात लावला. तीन पट्टे मऊ लागले, चौथा हाताला अडला. इतकं सोपं होतं. लव उलटी असली की उजेड उलटा परततो, म्हणून सकाळी गडद, संध्याकाळी फिकट. चार दिवस आम्ही लाइट बदलले, लेबलं वाचली, कंपनीशी भांडलो. पण हात कुणीच लावला नाही, कारण मी पाटी लावली होती. पाटी वाचता येणारे आम्ही सगळे तिथे नुसते बघत होतो, आणि ज्याला ती वाचता येत नव्हती त्याला एका फेरीत कळलं.

मी इरफानला फोन लावला. "पट्टा उलटा लागलाय."

तिकडून मग तेच वाक्य, "साब, बाण देखकेच लगाया मैं."

"तू ये आधी."

खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला वाटत होतं की बाण बघण्यात त्याचीच गफलत झाली असेल. तो दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघून अकराच्या सुमाराला आला. चौथ्या पट्ट्याचा वरचा कोपरा नखाने सोडवला आणि पट्टा हळूहळू खाली ओढत आणला. पेपर चांगल्या जातीचा होता, अख्खा निघाला. त्याची मागची बाजू आमच्यासमोर आली.

वरच्या टोकाशी पेन्सिलचा बाण. तोंड वर. म्हणजे इरफानने बाणाप्रमाणे बरोबर लावला होता. बाणाशेजारी चारचा आकडा आणि आकड्याखाली एक आडवी रेघ. आकड्याखाली रेघ ओढायची सवय आमच्या सगळ्या टीममध्ये एकालाच आहे. मला.

मग आठवलं. पट्टे कापले त्या दिवशी शुक्रवार होता. इरफान जुम्म्याच्या नमाजला गेला होता. मला घाई, म्हणून म्हटलं तोवर पट्टे कापून ठेवू. तीन कापले, बाण काढले. दुसरा रोल उघडताना घामाने जीव नकोसा झाला, म्हणून मी टेबलाच्या पलीकडे गेलो. पंखा तिकडे होता. रोल होता त्याच दिशेला उलगडला, पण मी आता समोरच्या टोकाला होतो. आणि बाण मात्र नेहमीसारखा, माझ्यापासून पुढे काढला.

अप्पांनी आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की हो, इंजिनिअर."

ज्यांच्यासमोर बोललो होतो, त्यांच्याचसमोर माफी मागितली. हात जोडले. इरफानने नजर वर केली नाही, "हो गया साब," एवढंच म्हणाला. त्याच्यासमोरच उदगीरला फोन लावून माझी चूक सांगितली. मित्र म्हणाला, उशीर झाला, दुसरा माणूस लावला. ते काम इरफानचं गेलं ते गेलंच. माफीने ते परत आलं नाही.

दुसऱ्या रोलमध्ये अजून दोन पट्ट्यांचा पेपर शिल्लक होता. इरफानने नवा पट्टा कापला. लावण्याआधी त्याने मामांना बोलावलं, "मामू, जरा हाथ फिराव." मामांनी हात फिरवला, मान हलवली. मगच पट्टा भिंतीवर चढला. संध्याकाळी अप्पा पुन्हा हॉलच्या मधोमध उभे राहिले. मान एकदाही कलली नाही.

वास्तुशांतीला महाराज त्या भिंतीपुढे बसले. पूजा झाल्यावर अप्पांच्या दोन्ही बहिणी भिंतीपाशी गेल्या आणि बराच वेळ हात फिरवत राहिल्या. स्नेहाताई लांबून बघत होत्या. पाटी मी काढून टाकली होती. मामा आपण विणलेल्या बाकावर बसून जेवले, आणि जेवण झाल्यावर जाळीवर दोन टिचक्या मारून ताण बघून घेतला.

आता कुठलंही काम ताब्यात देण्याआधी मी दिवे बंद करतो, डोळे मिटतो आणि सगळ्या भिंतींवरून, कडांवरून हात फिरवतो. क्लायंटला वाटतं काही पूजा चालली आहे. वाटू देतो.

उलट्या बाणाचा तो तुकडा इरफानने मागून घेतला आणि बिलोलीला घेऊन गेला. का, ते मी विचारलं नाही. तो आजही माझ्याकडे काम करतो. पेन्सिल मात्र त्याच्याच कानावर असते.