माधवनगरचा सोळा इंची आरसा

सुट्टीच्या दिवशी सांगलीला आरसा बघायला कोण जातं? मी गेलो. निसारभाई सांगलीला लागूनच असलेल्या माधवनगरचे. पूर्वी त्यांचे यंत्रमाग होते, आता त्याच शेडमध्ये ते दुर्बिणीचा सोळा इंची आरसा घासतात. फोनवर बजावलं होतं, "शेजारचे माग बंद असतील तवाच या. खटखट चालू असली की तपासणी होत न्हाई."

पुण्याहून पहाटे निघा, खंबाटकीला गर्दी लागत नाही. पेठ नाक्यापर्यंत रस्ता बरा, पुढे हाडं खिळखिळी होतात. नाक्यावर मिसळ खाऊन घ्या, शंभरच्या आत पोट भरतं.

शेडमध्ये लोखंडी पिंपावर जाड काच होती. पिंपाभोवती फिरत निसारभाईंनी ती वर्षभर घासली, मग राळेच्या थापीला लाल पावडर लावून चकाकवली. आधीचे दोन आरसे "अजून जरासं" करत त्यांनीच बिघडवले होते. हा तिसरा वडूजच्या माळावर, त्यांचा मित्र बिरूदादा याच्या शेतात जायचा होता. तिथली दुर्बीण आरशावाचून अडली होती.

तपासणी अशी: अंधारात आरशावर बारीक उजेड टाकायचा, परतणारा उजेड ब्लेडच्या धारेनं अडवायचा आणि आरशावरची सावली पाहायची. मधोमध उंचवटा दिसला. "झालं वाटोळं!" म्हणत निसारभाईंनी थापी उचलली.

"थांबा," त्यांच्या पत्नी, शमाभाभी, दारातून म्हणाल्या. "पाव्हणं येणार म्हणून सकाळी आरसा कशानं धुतलासा?"

"गरम पाण्यानं. लय डाग हुते."

"आवं, मग काच फुगणारच. गार तरी हुं द्या!"

थापी भाभींनी काढून घेतली आणि आम्हाला मटण-भाकरी वाढली. निसारभाई भाकरी मोडत आरशाकडेच बघत होते. मी दोनदा रस्सा मागून घेतला.

जेवणानंतर बऱ्याच वेळानं पुन्हा पाहिलं. उंचवटा गायब! कडेला मात्र किंचित दोष होता, तो खरा.

"एवढंच काढतो की."

"न्हाई," भाभी म्हणाल्या. "आता घासायचं न्हाई. बघायचं."

निसारभाई चिडून बाहेर जाऊन बसले. समजूत काढायला कुणी गेलं नाही. थोड्या वेळानं स्वतःच आत आले आणि ॲल्युमिनियमचा मुलामा चढवायला पाठवायचा म्हणून आरशाच्या मापाचं खोकं शोधू लागले.

भडंग घेऊन मी परतलो. पुण्यात लोक विचारतात, पाहण्यासारखं काय आहे तिथे? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. मला आठवतो तो काम संपलं हे कळलेल्या माणसाचा चेहरा. बघवत नव्हता.

परवा वडूजहून निसारभाईंचा फोन आला. "बसला आरसा! शनीची कडी लख्ख दिसत्यात म्हणं."

"म्हणजे? तुम्ही नाही पाहिलीत?"

"कशी बघू? शमा हटंना की तिथनं!"