सशाची पहिली पाळी

घाटकोपरला आमच्या समोरच्या चाळीत एक काका राहायचे. नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी सातला ते गॅलरीत गाजराचा तुकडा ठेवून त्यावर कापडगिरणीतल्या, सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनी रचायचे. त्यांचा पांढरा ससा त्या ढकलून, कुरतडून गाजर काढायचाच. म्हणून रचना रोज नवी.

"काका, द्या ना सरळ हातावर," मी एकदा म्हटलं.

"हुशार आहे रे तो. नुसतं बसवून खायला घातलं की स्वतःचेच केस उपटतो. उद्या सुतळीची गाठ मारतो, बघू कशी सोडवतो!"

त्यांची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. तरी सातच्या पहिल्या पाळीच्या ठोक्याला, दाढी घोटून, खाकी पँट चढवून, काका गॅलरीत हजर.