दानम्माचा अभ्यास दौरा

नांदूरघाटच्या पेठेत एखादी गोष्ट लपवायची असेल, तर ती रेवणप्पा वाण्याला सांगू नये. माणूस सज्जन, गळ्यात लिंग, कपाळी भस्माचे तीन पट्टे. पण खोटं बोलायला गेला की कान लालभडक होतात, आणि मग गरज नसलेली माणसंही साखर घ्यायला येतात.

त्याची बायको दानम्मा मात्र खोल विहीर. लग्नाला तीस वर्षं होत आली, तेवढ्यात ती फिरली पुष्कळ; म्हणजे लग्नाला, मयतीला आणि देवाला. दर वेळी जीपमध्ये चौदा माणसं आणि चौदा माणसांच्या दशम्या दानम्माच्या मांडीवर. उतरलं की चूल पेटवा, निघताना भांडी घासा. देवालाही तिचा चेहरा कधी नीट दिसला नसेल.

म्हणून पुण्याहून लेकीचा, स्वप्नालीचा फोन आला तेव्हा दानम्मा तांदूळ निवडायचे सोडून ऐकत बसली. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून स्वप्नाली दोघांना शनिवार-रविवार द्राक्षमळ्यात राहायला पाठवणार होती. नाशिक, नारायणगाव की अकलूज, तेवढं गुरुवारपर्यंत कळवायचं.

"मळ्यात करायचं काय?" रेवणप्पाने विचारलं.

"वाइन चाखायची, पप्पा."

रेवणप्पाचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. "शिव शिव! आपल्यात चालतं का गं?"

"प्यायची नाही हो. वास घ्यायचा, तोंडात घोळवायची आणि थुंकून टाकायची."

रेवणप्पा थबकला. शेंगतेल असो, गूळ असो, माल घेताना तो जन्मभर हेच करत आला होता. "आरं, ह्ये तर मी रोज करतो की! त्याच्यासाठी लोक गाड्या करून जातेत?"

धर्मसंकट मिटलं, आता गाव ठरेना. रेवणप्पाने नाशिक धरलं. "पंचवटीत आक्का हाय. तिच्याकडं उतरू, त्र्यंबकेश्वर करू, येताना मळा बघू."

"आक्काकडं मला वरनच चाखावं लागंल," दानम्मा म्हणाली. "ते बी मीच केलेलं."

"मग अकलूज?"

"तिथून माझं माहेर कितीसं लांब हाय? कळलं की समदे सतरंज्या घेऊन येतेल."

"राहिलं नारायणगाव. पर तिथं आपलं कोनीच न्हाई."

"मंग?" दानम्माचे डोळे चमकले. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाईक म्हणजे माजी सरपंच भगवानराव.

"काय आप्पा, शनिवारी दुकान बंद म्हनं? कावून?"

रेवणप्पाचे कान पेटले. वाइन म्हणावं तर गावात शोभा, देवाला म्हणावं तर पाप. तोंडातून निसटलं, "द्राक्षबागंचा अभ्यास दौरा हाय."

आता अभ्यास दौरा हा शब्द आपल्याकडे उघड्यावर बोलायचा नसतो. ज्याच्या रानात बाभळीशिवाय काही उगवत नाही, त्यालाही लगेच अभ्यास करावासा वाटतो. बुधवारी सांजच्याला जीपवाल्या उत्तरेश्वरची क्रूझर ठरली, भगवानरावांनी हात जोडलेल्या फोटोचा फ्लेक्स लावला, आणि दुकानाच्या खांबाला यादी चिकटली. अकरा नावं. खाली बाराव्या ओळीत लिहिलं होतं: स्वयंपाक, दानम्मा वहिनी.

दानम्माने ती ओळ दोनदा वाचली. तिची सहल तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा चुलीत चालली होती. ती गल्ल्यापाशी येऊन उभी राहिली. दुकानात भगवानराव होते, उत्तरेश्वर होता, आणि हळद घ्यायला आलेली भगवानरावांची बायको बायनाबाईही होती.

"भावजी," दानम्मा गोड आवाजात म्हणाली, "ह्यो दौरा कशाचा हाय, ठावं हाय ना?"

"द्राक्षाचा, वहिनी."

"द्राक्षाच्या वाइनचा. आमी नवरा-बायको चाखायला चाललो. तुमी समदे या. फकस्त घरून विचारून या."

बायनाबाईच्या हातातली हळद तिथेच राहिली. "वाइन? अन् मला म्हनले फवारनी शिकायला चाललो!"

"अगं, फवारनीचंच..." भगवानराव चाचरले.

"तुमी घरला चला, मी शिकवते फवारनी!"

उत्तरेश्वरला एकाएकी क्रूझरचा क्लच आठवला. भगवानराव आणि खांबापाशी यादी वाचणारे बाकीचे अभ्यासू कधी पांगले ते कळलंही नाही; हळद बांधून घ्यायला बायनाबाई तेवढी थांबली. रेवणप्पा उठला. आपण बायकोच्या सहलीचं काय करून बसलो होतो, ते त्याला त्या बाराव्या ओळीत पहिल्यांदा दिसलं असावं. त्याने यादी ओरबाडून काढली, तिचे चार तुकडे केले आणि दानम्माला विचारलं, "कुठलं सांगू पोरीला? तूच बोल."

"जिथं आपल्यातल्या कुनाचं लगीन लागलं न्हाई, का कुनी मेलं न्हाई, तिथलं."

"म्हंजी नारायणगाव," रेवणप्पा म्हणाला आणि त्याने फोन लावला. चष्मा आत राहिल्याने गावाचं नाव सांगता सांगता बोट भलतीकडेच, स्पीकरच्या बटणावर पडलं, आणि स्वप्नालीचा आवाज अख्ख्या दुकानात घुमला.

"नारायणगाव? मस्त! पप्पा, दोघंच ना? नव्या जोडप्यांची खोली रिकामी आहे. मळ्यासमोर गॅलरी, पलंगावर फुलंबिलं टाकतात. घेऊ?"

रेवणप्पा घाईघाईने आवाज बंद करायला गेला, बटण सापडेना.

"घे," दानम्मा म्हणाली.

"अवो आप्पा, ऱ्हाऊ द्या की चालू," पदर तोंडाला लावून बायनाबाई म्हणाली, "आमाला बी ऐकू द्या!"