रक्त माझं, नाव आचाऱ्याचं

आजवर कोणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे शेपूट घालायला जागा उरणार नाही. आमच्या आचाऱ्याला एचआयव्ही कधीच नव्हता. तो मला होता. अजून आहे. सरकारी गोळ्यांवर मी धडधाकट आहे, शाळेत शिकवतो आहे. आचारी नाही.

त्याचं नाव इथे लिहिणार नाही. एकदा दिलं तेवढं पुरे झालं. अमडापूरच्या आसपासच्या दहा-बारा गावांत त्याला नुसतं आचारीच म्हणत. दोनशे पानांचं वरण असो की हजाराचं, तो चव घेऊन बघत नसे. झाकण काढायचा, वाफेवर तोंड धरायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मूठभर मीठ मांगून राह्यलं." चुकलेला मला आठवत नाही. पंगतीत लोक बोटं चाटत. हेच लोक. एवढं लक्षात ठेवा.

त्याची चाल बायकी होती आणि तो ती लपवत नसे. टवाळ पोरांपैकी कोणी "आचारी, चालून दाखव" म्हणालं, तर कमरेवर हात ठेवून सांगायचा, "दाखवतो ना बे. पन पयले तुह्या बापाले इचारून ये, त्यानं पाह्यली हाये." पोरगं तिथून पाय काढायचं. बापही दोन दिवस समोर यायचा नाही.

अकोल्याच्या एका संस्थेनं त्याला कामाला घेतलं होतं. पुरुषांची ओढ असलेल्या पुरुषांना गाठायचं, निरोध द्यायचे, तपासणीला न्यायचं. आमच्यासारखे लोक संस्थेला कुठल्या यादीत सापडले असते? आचाऱ्याला ते पंगतीत वाढताना ओळखू यायचे. निरोध तो जिऱ्याच्या डब्यात ठेवायचा. भटारखान्यात कोणी उगाच रेंगाळला की हळूच विचारायचा, "जिरं पायजे का?" मलाही तसंच विचारलं. मी संतापून निघून गेलो आणि आठवड्यानं परत आलो. "या गुरुजी," तो म्हणाला, "रागावलेलं गिऱ्हाईक वापस येतेच."

एकदा पुण्याहून सर्वेक्षणवाले आले. शेगावच्या एका लॉजवर खोली घेऊन एकेकाला आत बोलावत होते. फॉर्म भरून घेणाऱ्या बाई सभ्य होत्या, पण प्रश्न एकाच धाटणीचे. गेल्या महिन्यात किती जणांशी संबंध आला, निरोध वापरला का, किती वेळा. आचाऱ्यानं सगळं सांगितलं आणि मग तो उठेचना. "ताई, किती जनांसंग झोपलो ते लिवलं तुमी. किती जनांनं मारलं, ते कुठी लिवता?" बाई म्हणाल्या, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. "मंग कागदाच्या मांगं लिवा. मी बसलो हाये." तो सांगत गेला आणि बाई कागदाच्या पाठीवर लिहीत गेल्या. त्या पाठींचं पुढे काय झालं, देव जाणे. पुढची बाजूच कोणी मोजली असेल.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. आचारी हात धुऊन मागे लागला. "पयले रक्त दाखव. लोकाची पोरगी हाये थे, खेळनं नोहे." शेवटी एक दिवस आम्ही एसटीनं तालुक्याला गेलो. वाटेत त्यानं बजावलं, "नाव कोनतंबी सांग, तिथी कोनी दाखला मांगत नाही." मी एक खोटं नाव पाठ केलं. तो बाहेर बाकावर बसला, मी आत गेलो. समुपदेशक बाईंनी नाव विचारलं. पाठ केलेलं नाव गेलं कुठच्या कुठं, आणि तोंडातून आलं ते बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचं. आडनावासकट. गावासकट.

घाबरून निघून गेलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. बदलायला वेळ होता. बाईंनी वय विचारलं. आचारी माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याचं वय सांगितलं.

निकाल वाईट आला. बसस्टँडवर त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं आधी मला बाकावर बसवलं. मग म्हणाला, "काऊन बे, दुनियेत दुसरं नावच नव्हतं?" मी रडायला लागलो. "रडू नको. मी तोंड उघडत नाही. पन तू सोयरीक मोड. नाही मोडली, तर मी सोता पोरीच्या बापाकडं जातो." मी मोडली. दर गुरुवारी शेगावला जायला लागलो, आणि घरच्यांनी ठरवलं की मला महाराजांची ओढ लागली, म्हणून लग्न नको. आजही गावात माझ्या भक्तीचं कौतुक होतं. अकोल्याला औषधं सुरू करायला तोच मला घेऊन गेला. तिथे मात्र माझंच नाव सांगायला लावलं, स्वतः शेजारी उभं राहून.

तपासणी केंद्रातून कोणीतरी फोडलं. कोणी, ते कळलं नाही. दोन महिन्यांत आचाऱ्याला लग्नांची कामं मिळेनाशी झाली. एका मुलीच्या बापानं दिलेला शब्द मोडताना हात जोडले, "आचारी, वाईट वाटून घेऊ नका, पाव्हने जेवाले तयार नाहीत." वीस वर्षं याच्या हातचं रिचवलेले हे पाव्हणे! वरणातून हा आजार पसरत नाही, हे भिंतीभिंतीवर रंगवलेलं होतं. त्याच भिंतीला टेकून हे लोक त्याच्याविषयी बोलत.

मी म्हणालो, "पुन्हा तपासणी करा आणि कागद दाखवा सगळ्यांना."

"दाखवला, तर इचारतीन पयला कागद कोनाचा. त्या दिवशी एसटीत माह्या बाजूले कोन बसलं होतं, थे अर्ध्या गावानं पाह्यलं." आणि वर म्हणाला, "अन् कागद दाखवून मी चांगला ठरलो, तर ज्याले खरंच हाये थो वाईट ठरते. थे मले नाही पायजे."

दोन वर्षांनी त्याचं पोट दुखायला लागलं. त्याच्या बहिणीनं निरोप धाडला. मी जीप केली आणि आम्ही त्याला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाले, अपेंडिक्स फुटलं आहे, आत्ताच्या आत्ता कापावं लागेल. तेवढ्यात कंपाउंडर त्यांच्या कानाशी लागला. डॉक्टरांनी हात काढून घेतला आणि कोपरापर्यंत धुतला. "अशी केस आम्ही घेत नाही. अकोल्याला न्या."

बहीण त्यांच्या पाया पडत होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर बास होतं. आणि त्याला आजार असता, तरी ते ऑपरेशन त्याच्या हक्काचंच होतं. हातमोजे कशासाठी असतात, हे त्या डॉक्टरला कॉलेजात शिकवलं होतं. त्याला मी माफ केलेलं नाही. पण त्याला निदान खरं माहीत नव्हतं. मला होतं. आचारी माझ्याकडे पाहत होता. ती विनवणी होती की मनाई, हे मला ठरवता येत नाही. मनाई होती असं मानणं मला फार सोयीचं पडतं.

खामगावच्या अलीकडे जीपमध्येच तो गेला.

बहिणीनं एकटीनं त्याला अंघोळ घातली. आलेल्या चार लोकांनी हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. खांदेकरी पुरेनात, म्हणून एक खांदा मी दिला. लोक म्हणाले, गुरुजींचं मन मोठं आहे. मी ते ऐकून घेतलं.

तेराव्याला बहिणीनं मला बाजूला घेतलं. "गुरुजी, त्यानं मले काऊन नाही सांगतलं? मी का त्याले टाकलं असतं?" मी मान खाली घातली. तिला ते दुःख वाटलं.

ती आता मलकापूरला राहते. तिचा भाऊ आजारी नव्हता, आजारी मी होतो, आणि डॉक्टरसमोर मी गप्प राहिलो, हे तिच्या दारात उभं राहून सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.