बसाप्पा मिस्त्री आणि वेदीचे दोन इंच

आपल्या मंदिराची वेदी चुकली होती ती माझ्यामुळं. बसाप्पा मिस्त्रींमुळं नाही.

मिस्त्री काल गेले. हे मी सहा वर्षं उशिरा लिहितोय.

कॉलनीतल्या जुन्या लोकांना आठवत असेल, आपण प्लॉट घेतले तेव्हा इथं सगळी उसाची काळी रानं होती. मग गावोगावची जैन घरं सांगलीत येत गेली, गल्ल्या भरल्या. दर्शनाला पार जुन्या पेठेपर्यंत जाणं म्हाताऱ्यांना झेपेना. आपलं स्वतःचं मंदिर बांधायचं ठरलं.

प्लॅन मी काढला.

मी दहावी पास. ड्रॉईंग शिकलो ते एका इंजिनिअरच्या ऑफिसात ट्रेसिंग करता करता. कॉम्प्युटरवरचं नंतर स्वतःच्या हिमतीवर. कमिटीला मी सांगितलं होतं, डिग्री नाही, पण माझ्या कागदात अर्धं सूत इकडचं तिकडं सापडलं तर दाखवा.

तोवर कुणाला सापडलं नव्हतं.

बांधकाम बसाप्पांकडं होतं. जत तालुक्यातला माणूस, बोलणं कानडी वळणाचं, सहीपलीकडं लिहिणं-वाचणं नाही. पायाची खोली मी कागदावर लिहून दिली होती. हा माणूस खड्ड्यात उतरला, काळी माती मुठीत दाबली, आणि मला न विचारता मुरूम लागेपर्यंत खाली गेला.

मला राग आला होता.

आज आजूबाजूच्या निम्म्या बंगल्यांना तडे आहेत. मंदिराला एक नाही.

आता वेदीचं.

मूर्तीची नजर गाभाऱ्याच्या दारात नेमक्या उंचीवर यावी लागते. पंडितजींनी त्याचं गणित सांगितलं, त्यावरून मी मूर्तीखालच्या वेदीची उंची काढली आणि मिस्त्रींना वाचून दाखवली.

ते म्हणाले, "अण्णा, ह्ये माप कोब्यापासनं का फरशीपासनं?"

कोबा म्हणजे फरशीखालचा कच्चा थर. त्यावर मसाला आणि मार्बल बसलं की दोन इंच वाढतात. साधा प्रश्न होता.

मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. म्हणालो, कागदावर आहे तेवढं करा.

त्यांनी तेवढं केलं.

मूर्तिप्रतिष्ठेच्या पंचकल्याणकाच्या तोंडावर पंडितजी आले. दोरी धरली. नजर दोन इंच खाली.

मूर्तीखाली तुकडा सरकवून भागवायला पंडितजी तयार नव्हते. तारीख ठरलेली, मांडव पडलेला. सगळी कमिटी गाभाऱ्यासमोर जमली. मी ड्रॉईंग उघडलं.

मापाचा बाण कोब्याच्या रेषेला टेकला होता. माझ्याच हातानं काढलेला बाण.

मी कागदाची घडी घातली.

कुणी काही विचारायच्या आत मिस्त्री बोलले. "माझी लेव्हल चुकली. दोन दिस द्या."

दोन दिवस ते गाभाऱ्यात बसून होते. कोरीव मार्बलचा एकेक तुकडा टवका न उडवता काढला, खालचं बांधकाम उचललं, सगळं परत बसवलं. मी शेजारी उभा. शेवटी विचारलं, असं का केलंत?

हातातला ओळंबा न सोडता म्हणाले,

"मला कागद वाचाय येत न्हाई हे समद्यास्नी ठावं हाय. माझं चुकलं तर कुणाला नवल न्हाई. तुमचं चुकलं म्हणल्यावर मागच्या-फुडच्या समद्या मापांवर शंका निघंल. देवाचं काम अडंल."

पंचकल्याणक थाटात झालं. सत्कारात मला शाल मिळाली.

मी घेतली.

हे इथंच संपलं असतं तर कदाचित मी आजही लिहिलं नसतं.

पुढच्या वर्षी शिखराचं काम निघालं. मिस्त्री कमिटीच्या मीटिंगला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर शिखराचं हातभर मॉडेल. प्लास्टरचं, स्वतः घडवलेलं. आयुष्यभर घरं बांधली, एक शिखर आपल्या हातानं चढवावं एवढीच इच्छा आहे, असं म्हणाले.

अध्यक्ष म्हणाले, ज्याला वेदीची लेव्हल सांभाळता आली नाही त्याच्या हातात शिखर कसं द्यायचं?

मी अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. एक वाक्य बोलायचं होतं.

मी समोरच्या कोटेशनची पानं उलटत बसलो.

मिस्त्रींनी मॉडेल परत टॉवेलात गुंडाळलं. मी त्यांच्यामागं गेटपर्यंत गेलो. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शिखराचं माप तेवढं नीट सांगा करणाऱ्यास्नी," म्हणाले, आणि गाडीला किक मारली.

शिखर बाहेरच्या कारागिरांनी केलं. चांगलं केलं. मिस्त्री कधी या बाजूला आले की रस्त्यापलीकडं गाडी लावून वर बघत थांबायचे. आत यायचे नाहीत. मी घराच्या खिडकीतून बघायचो. मीही बाहेर जायचो नाही.

काल मातीला गेलो होतो. त्यांच्या मुलानं घरात नेलं. देव्हाऱ्याशेजारी ते मॉडेल होतं, धूळ नसलेलं.

मुलगा म्हणाला, "आप्पा सांगायचे, सांगलीतल्या मंदिराची वेदी मी दोनदा बांधली. एकदा कागदावरनं, एकदा बरोबर. आणि लय हसायचे."

त्याला त्यामागचं माहीत नव्हतं. मी तिथंच त्याला सगळं सांगितलं. त्यानं चहा आणून दिला.

आज सकाळी अध्यक्षांच्या घरी जाऊन सांगितलं. ते फक्त म्हणाले, "सहा वर्षं?"

हो. सहा वर्षं.

तिथून टेप घेऊन गाभाऱ्यात गेलो. पंडितजींच्या परवानगीनं माप घेतलं. नजर जिथं हवी तिथं आहे. अर्धं सूतही इकडं तिकडं नाही.

ही अचूकता माझी नाही, हे कॉलनीतल्या प्रत्येकानं वाचावं म्हणून इथं लिहिलं.

मिस्त्री, तुम्हाला हात जोडतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

फरशीपासून. माप फरशीपासून होतं.