बालाजीच्या पेटीतला कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. वडिलांना अर्धं माहीत होतं, पण ते मरेपर्यंत आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ही पण एक पळवाटच?

मी नांदेडला एका क्लासमध्ये शिकवतो. परवा पोरांनी एका पोराला जिवे मारल्याची बातमी आली आणि स्टाफरूममध्ये चहावर वाद पेटला. "सोळा वर्षांचं लेकरू, त्याला काय कळतंय?" "कळत नाही? मोबाईलमधलं सगळं कळतंय की!" मग एक सर माझ्याकडं वळले. "तुम्ही बोला ना, सर. कळतं का पोरांना?" मी खडू उचलला, तासाला निघालो. तासाला अजून वीस मिनिटं होती.

कळतं. मला कळत होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपाला तीनेक वर्षं झाली होती. बोर्डाच्या निकालांत लातूरचं नाव गाजायला लागलं होतं आणि गावोगावची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन तिथं उतरत होती. मी भोकरकडचा, गुरुजीचा पोरगा. खोलीत माझ्यासोबत बालाजी. औशाकडचा. आई-बाप भूकंपात गेलेले, चुलत्यानं शिकायला ठेवलेला. अंगानं थोराड, पण स्वभावानं — लेकरूच. माझ्याशिवाय जेवायला जायचा नाही.

शेजारच्या खोलीत माधव, रेणापूरचा. दर परीक्षेनंतर क्लासच्या भिंतीवर यादी लागायची. माधव पहिला. मी तिसरा, कधी पाचवा. काय वाईट केलं होतं त्यानं माझं? काही नाही. नोट्स मागितल्या तर द्यायचा. एवढंच, की यादीत माझं नाव तो माझ्याआधी शोधायचा. "काय गुरुजी, आज बी घसरलाव?" असं म्हणून हसायचा. सगळ्यांनाच तसं हसायचा. मला वाटायचं, मलाच.

त्या रविवारी मी अकरावा आलो. दुपारी माधव गच्चीवर कपडे धूत होता. मी बालाजीला म्हणालो — हे शब्द माझे आहेत, ते मी पुढं दुसऱ्याच्या तोंडी घातले — "चल, त्याची मस्ती जिरवू. तू नुसते हात धर." बालाजी म्हणाला, "कशाला रे? गरीब हाय त्यो." पण आला. त्यानं हात धरले. लाथ मी मारली. माधव वाकला, म्हणाला, "ए, लागलं ना बे." अजून त्याला चेष्टाच वाटत होती. मी तिथं थांबू शकत होतो. बालाजीनं तर हात सोडलेही होते. मी दुसरी मारली. माधव मागं कोलमडला आणि धुण्याच्या दगडाच्या कोरेवर त्याचं डोकं आपटलं.

तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात तो गेला.

आता वयाचं. आमच्याकडं माणसाला दोन वयं असतात — एक आईला माहीत असलेलं, एक शाळेतलं. शाळेत घालताना वडिलांनी माझं वय दोन वर्षांनी कमी लावलं, पुढं नोकरी दोन वर्षं जास्त करता यावी म्हणून. निम्म्या गावाची अशीच, सगळ्यांचा जन्म एक जूनचा. बालाजीचं उलटं झालं. त्याच्या शाळेचं रजिस्टर ढिगाऱ्यात गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये नवं भरताना मास्तरांनी पोरं रांगेत उभी केली आणि उंची बघून साल लिहिलं. "मला म्हणले, घोडा झालास की रे!" बालाजी हसत सांगायचा. घोड्याला दोन वर्षं जास्त लागली.

तेव्हा कायद्यात मुलाची हद्द सोळा वर्षांची होती. मी खरा सतराचा, कागदावर पंधराचा. बालाजी कागदावर सतराचा. मला निरीक्षणगृहात नेलं, त्याला मोठ्यांच्या जेलात. वकील वडिलांना म्हणाले, "गुरुजी, तारीख लई मोक्याची लावलीत. मोठ्यानं लहानाला भरीस घातलं, एवढंच धरून चालायचं." वडील चपलेकडं बघत राहिले. मी जबाब दिला — बालाजीनं नेलं, बालाजीनं मारलं. रडत दिला. रडणं खरं होतं, म्हणून तर सगळ्यांना पटलं. बालाजी खरं बोलला, त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, तरीही काही कमी नव्हतं.

सुटल्यावर वडिलांसोबत खोलीवर सामान आणायला गेलो. मालकीणबाई म्हणाल्या, "त्या पोराच्या पेटीत तुझी पुस्तकं असतील, बघून घे बाबा." बालाजीच्या पेटीच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याचं लहानपणचं लसीचं कार्ड होतं. आईनं जपलेलं, ढिगाऱ्यातून निघालेलं. त्यावर दवाखान्यानं लिहिलेली जन्मतारीख. मी बोटांवर मोजलं. परत मोजलं. माधव पडला त्या दिवशी बालाजी पुरता साडेपंधराचाही नव्हता.

तोही लहान ठरला, तर मोठा कोण? हा प्रश्न मला पडला. सतराव्या वर्षी, नीट, शांतपणे पडला. अहमदपूरच्या पुढं, एसटीच्या खिडकीतून, मी ते कार्ड बारीक फाडून सोडून दिलं. वडील शेजारी बसले होते. त्यांनी बघितलं, तोंड फिरवलं.

बालाजीला जन्मठेप झाली.

तो सुटून आला, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, नांदेडच्या बसस्टँडवर त्यानंच मला हाक मारली. "काय रे गुरुजीच्या, वळखलास का?" केस पिकले होते. "बघ की, मी म्हातारा झालो, तू हायस तितकाच!" म्हणाला आणि हसला. चहा त्यानंच मागवला. मग कपात बघत म्हणाला, "एक इचारू का? माझ्या पेटीत आईनं ठिवलेलं कार्ड होतं. वकिलानं माणूस धाडला, त्याला घावलं न्हाई. तुला दिसलं होतं का रे?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "न्हाई बा. तसलं काही नव्हतं."

"असंल," तो म्हणाला. "आई सांगायची, तू लहान हायस, लहान हायस. तिचंच चुकलं असंल मग."

मी चहा संपवला. गाडी लागली म्हणून उठलो. कुठली गाडी?

पोराला किती शिक्षा व्हावी, मला ठरवता येत नाही. पण जो हिशेब त्या वयात माझ्याकडून मागायला हवा होता, तो कुणी मागितला नाही, आणि मी आपणहून दिला नाही. माधवच्या आईला मी लाथ मारणाऱ्याचं नाव देणं लागतो. बालाजीला, त्याच्या आईचं चुकलं नव्हतं, एवढं सांगणं लागतो. दोघंही हयात आहेत. दोघांचीही घरं मला माहीत आहेत. मी अजून गेलेलो नाही.